गोठलेली जिन

मार्टिनी खुळखुळवायची नसते, ढवळायची असते. एवढ्या एका गोष्टीवरून ताईने एका माणसाच्या बोटांशेजारी सत्तूर ठोकला होता.

रविवारची सकाळ. मटणाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ओट्याला टेकून एक सूटवाला उभा, फोन कानाला, आणि आवाज असा की अख्ख्या रस्त्याने ऐकावं. "अरे, काल काय मार्टिनी प्यायलो म्हणून सांगू! बारवाल्याने डब्यात अशी खुळखुळवली, अशी खुळखुळवली, वर बर्फाचा चुरा तरंगत होता!"

ताई खांदा तोडत होती. तिचा हात थांबला.

"फोन ठेव."

"काय?"

"फोन ठेव आणि ऐक. तू काल मार्टिनी प्यायला नाहीस. गार पाणी प्यायलास, दारूचा वास लावलेलं."

सूटवाला हसला. हसायला नको होतं. "मॅडम, तुम्ही मटण तोडा. दारूचं आम्ही बघतो," असं म्हणत त्याने कोणता तुकडा हवा ते दाखवायला लाकडी ठोकळ्यावर बोटं टेकवली. सत्तूर आला आणि करंगळीला लागून लाकडात रुतला. सूटवाल्याने हात उचलून बोटं बघितली. सगळी होती. ताईचा नेम चुकत नाही, नाहीतर त्या दिवशी त्याला दोन पुड्या घेऊन जावं लागलं असतं.

"खुळखुळवली की बर्फ फुटतो," ताईने शांतपणे सांगितलं आणि सत्तूर उपटला. "फुटला की चुरा होतो, चुरा झाला की मार्टिनी गढूळ होते. मार्टिनी काचेसारखी पाहिजे. तिच्यातून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे. म्हणजे तो काय करतोय ते आपल्याला कळतं. चरबी काढू का ठेवू?"

"काढा," सूटवाला बारीक आवाजात म्हणाला. पुढच्या रविवारी परत आला. मटण चांगलं होतं ना.

तर ही ताई. चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, मनगट असं की हातात बांगडी चढायची नाही. नाक मधोमध वाकडं. डाव्या अंगठ्याचं टोक नाही, ते सुऱ्याने नेलं. खाली दुकान, वर घर, आणि दुकानामागे एक अंधारी खोली, तिच्यात डीप फ्रीझर. फ्रीझरमध्ये मटण, आणि मटणाच्या खाली, अगदी तळाला, एक जिनची बाटली आणि लांब दांड्याचा एक काचेचा ग्लास. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की ताई हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची, नखांतलं रक्त काढायची, स्टुलावर बसायची आणि एक मार्टिनी बनवायची. एकच. आठवड्यात एक. दुसरी कधी नाही.

तिचं नाक वाकडं केलं ते बापाने. बापही मटणवालाच. तो प्यायचा तेव्हा मागच्या खोलीत उभ्याउभ्या प्यायचा, कोमट, बाटली तोंडाला लावून, घशात ओतल्यासारखी. मग दोन लवंगा दाढेखाली धरायचा, वास येऊ नये म्हणून, आणि जिना चढायचा. वर मायलेकरं पावलं ऐकत बसलेली. पायरी चुकली की समजायचं, आज कोणाचं तरी काहीतरी मोडणार. हातात येईल त्याने मारायचा. पळी, खुर्ची, एकदा तर फ्रीझरमधून काढलेली अख्खी तंगडी. दगडासारखी गोठलेली. ती आईच्या कानावर बसली आणि तो कान कायमचा गेला. धाकटा भाऊ खाटेखाली असायचा. ताई खाटेसमोर असायची. म्हणून भावाचं नाक सरळ राहिलं.

एक दिवस बाप त्याच जिन्यावरून गडगडत खाली आला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी ताईने दुकान उघडलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय बाई आहे, बाप जाऊन एक दिवस नाही झाला. ताई म्हणाली, "मटण घ्यायचंय? नाही? मग उजेड सोडा."

आता अशा बाईने दारूच्या नावाने थुंकावं. थुंकायचीच ती. पण मग बारवाले काका आले.

काका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये जन्मभर ग्लास भरून निवृत्त झालेले. एक म्हातारी, चावरी मांजर पाळलेली. तिच्यासाठी कलेजी घ्यायला रोज यायचे. कपडे इस्त्रीचे, बोलणं हळू. एकदा ताई त्यांच्या तोंडावर म्हणाली, "आयुष्यभर लोकांना दारू पाजलीत, रात्री झोप कशी लागते?" काका रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीतून जिन, व्हर्मूथची छोटी बाटली आणि एक लिंबू घेऊन आले. म्हणाले, "दारू वाईट पिणाऱ्याने तुझं नुकसान केलंय. नीट पिणारा तू बघितलेलाच नाहीस."

त्या एका वाक्याने ताई गेली. म्हणजे तिला पटलंच एकदम, आणि ताईला पटलेली गोष्ट तिच्या डोक्यातून काढायची तर डोकंच काढावं लागेल. बापाचा दोष दारूत नव्हता, पिण्याच्या रीतीत होता. कोमट, उभ्याने, घाईने, लपून. ताईने सगळं उलटं करायचं ठरवलं. गार, बसून, सावकाश, उजेडात.

आणि मग तिची मतं सुरू झाली. बापरे, ती मतं! जिन फ्रीझरमध्ये, इतकी गार की तेलासारखी जड पडली पाहिजे. ग्लासही तिथेच, साध्या ग्लासात मार्टिनी ओतणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत. व्हर्मूथ म्हणजे झाडपाल्याचा अर्क मुरवलेली पांढरी वाईन; ती उघडली की खराब व्हायला लागते, म्हणून ती फ्रिजमध्ये, कपाटात नाही. कपाटात ठेवणाऱ्याने ती भाजीला घालावी. आणि जे लोक व्हर्मूथची बाटली नुसती दाखवून परत ठेवतात त्यांनी सरळ सांगावं की आम्हाला जिन ढोसायची आहे. ऑलिव्ह नाही. ऑलिव्हवरून तिचं आणि काकांचं वाजायचं. काका म्हणायचे ऑलिव्हशिवाय मार्टिनी म्हणजे बटणाशिवाय सदरा. ताई म्हणायची, "खारट पाण्यात बुडवलेलं फळ माझ्या ग्लासात टाकलंत तर मांजरीला उद्यापासून उपास." लिंबाची साल, ती हाडावरून मांस सोडवायच्या पातळ सुरीने काढलेली, पांढरा भाग जराही नको. ती ग्लासावर पिळायची, तेल उडालं की काम झालं.

आणि पाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं. "मार्टिनीत तीन गोष्टी असतात," काका सांगायचे. "जिन, व्हर्मूथ आणि पाणी. पाणी बाटलीतून घालायचं नाही. बर्फातून आलं पाहिजे, ढवळताना, हळूहळू. तुझी जिन फ्रीझरमधली, म्हणून बर्फ लवकर विरघळणार नाही. तुला जास्त ढवळावं लागेल. हाताला घाई असेल तर बनवूच नकोस." ताई स्टीलच्या जगात लांब चमचा घालून ढवळत राहायची. जग बाहेरून पांढरा पडला, चमचा बोटांना चिकटायला लागला, की थांबायची. त्या वेळात दुकानात चोर घुसला असता तरी ती उठली नसती. आधी ढवळून झालं असतं, मग चोराचं बघितलं असतं.

काका गेले. मांजर ताईकडे आली, ती ताईलाही चावते. मतं तेवढी राहिली.

आता भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात. दारातून आडवा होऊन आत येतो, पण बारक्या. खाटेखाली लपणारा तो बारक्या मोठा झाला, दुकानात ताईच्या बाजूला उभा राहिला, लग्न झालं, आणि एक दिवस मागच्या खोलीत उभ्याउभ्या कोमट दारू प्यायला लागला. ताईला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती बाजारातून आली तर वरून ओरडण्याचा आवाज. जिना चढली. भावजय भिंतीला चिकटून बसलेली, हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. बारक्या समोर उभा, स्वतःच्याच हाताकडे बघत, जसं काही तो हात दुसऱ्या कोणी आणून लावलाय.

ताईने त्याला जिन्यावरून ढकललं. बाप जसा गडगडला तसाच तो गडगडला, फक्त हा उठला. उठला आणि खाली बसून लहान पोरासारखा रडला.

भावजय माहेरी गेली. प्लास्टर निघालं तरी आली नाही. बारक्याने पिणं सोडलं. खरंच सोडलं, थेंब नाही. तरी ती येईना. शेवटी ताई स्वतः गेली तिच्या माहेरी. बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी, मी त्याचं काही सांगत नाही. माझं सांगते. माझ्या घरात तुझ्यासमोर ज्याचा हात उठेल तो त्या घरातून चालता होईल. मग तो कोणी का असेना."

ताईच्या शब्दावर भावजय परत आली. नवऱ्याच्या नाही, ताईच्या.

आणि बारक्याला ताईने दुकानात ठोकळ्यासमोर उभं केलं. "ज्या हाताने तिचा हात मोडलास तो इथे ठेव." त्याने ठेवला. "परत प्यायलास तर हा हात याच जागेवर असेल आणि मी समोर असेन. कळलं?"

"कळलं, ताई."

वर्ष चांगलं गेलं असं म्हणावं तर म्हणता येईल. मारामारी नाही, आवाज नाही. पण जेवताना बारक्याने मिठाकडे हात नेला की भावजयीचे खांदे कानापर्यंत जायचे. बारक्या ते बघायचा आणि मीठ न घेताच जेवायचा. महिनोन्‌महिने तो अळणी जेवला. ताईही ते बघायची आणि बाहेरच्या कोणावर तरी राग काढायची. त्या काळात तिने एका पाववाल्याच्या थोबाडीत दिली, एका टेम्पोचा आरसा फोडला. टेम्पोवाल्याची चूक होती म्हणा.

मग तो रविवार आला.

आधीच्या रविवारी मार्टिनी जरा पांचट लागली होती. ताईने व्हर्मूथला दोष दिला, जुनी झाली म्हणून अख्खी बाटली मोरीत ओतली आणि नवी आणली. या रविवारी हात धुतले, स्टूल ओढलं, फ्रीझरमधून बाटली काढली, उलटी केली. जिन येईना.

ताईने बाटली हलवली. आत खसखस आवाज. उजेडात धरली. मानेत बर्फ. पांढरा, भुसभुशीत बर्फ, निम्म्या बाटलीपर्यंत.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगायला हवं. जिन घरच्या डीप फ्रीझरमध्ये गोठत नाही. कितीही ठेवा, जड होईल, तेलकट होईल, पण वाहत राहील. गोठतं ते पाणी. बाटलीत बर्फ झाला याचा अर्थ एकच. कोणीतरी जिन प्यायलंय, आणि कमी दिसू नये म्हणून वरून नळाचं पाणी भरलंय. कपाटातल्या बाटलीत ही चोरी खपली असती. फ्रीझरने चुगली केली.

फ्रीझरच्या चाव्या दोन. एक ताईच्या कमरेला, दुसरी बारक्याच्या.

"बारक्या!"

तो पुढे ओटा धूत होता. आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला, तोंड अर्धवट उघडं. सकाळपासून गप्प होता, एकदा सुराही हातातून पडला होता. ताईने ते बघितलं होतं आणि काही बोलली नव्हती.

"काय झालं, ताई?" शब्द लोळत आले. जीभ जड झाल्यासारखे.

आणि त्याच्या तोंडातून लवंगेचा वास आला.

झालं. त्या वासासरशी ताई मटणाच्या दुकानात राहिलीच नाही. ती खाटेसमोर उभी होती आणि जिन्यावर पावलं वाजत होती. तिने बारक्याच्या जबड्यावर असा ठोसा घातला की तो फ्रीझरवर आदळला. तोंडातून रक्त आणि काहीतरी पांढरं उडून कोपऱ्यात पडलं.

"ताई, ऐक..."

"लवंग खातोस? माझ्यासमोर? त्याची लवंग?"

"ताई, दात..."

"दात काढते तुझे!" दुसरा ठोसा नाकावर. जे नाक तिने इतकी वर्षं वाचवलं होतं ते तिने स्वतः फोडलं. कॉलरला धरून त्याला फरफटत पुढे आणलं. तो तिच्या दुप्पट. त्याने एक झटका दिला असता तर ताई शटरपर्यंत गेली असती. पण त्याने हात उचलला नाही. दोन्ही हात अंगाशी घट्ट धरले होते, थंडी वाजल्यासारखे. हात उचलला असता तर ती म्हणतेय ते खरं झालं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात.

"ठेव हात."

"ताई, मी प्यायलो नाही गं."

"ठेव!"

त्याने ठेवला. हेच तर सगळ्यात वाईट. त्याने स्वतःहून ठेवला, बोटं पसरून, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ताईने सत्तूर उचलला. उलटा केला, धार वर, जाड पाठ खाली. आणि आणला खाली.

दुकानात हाडं रोज तुटतात. ताईला तो आवाज पाठ आहे. पण हा आवाज वेगळा होता, कारण याच्यानंतर माणूस ओरडला.

जिन्यावरून धाडधाड पावलं. भावजय दारात. तिने ठोकळ्यावरचा हात बघितला, बोटं भलत्याच दिशांना, आणि ताईच्या हातातला सत्तूर. ताईने तो परत उचलला होता.

"मी प्यायले!" भावजय किंचाळली. "ताई, मी! मी प्यायले!"

सत्तूर वरच राहिला.

"चावी मी घ्यायची. हे आंघोळीला गेले की त्यांच्या खिशातून. पाणी पण मीच भरलं. हे असंच करायचे ना पूर्वी, बाटलीत पाणी भरून ठेवायचे, ते बघितलं होतं मी. मला काय माहीत ते गोठतं म्हणून!"

"का?" ताईच्या तोंडून एवढंच आलं.

भावजय रडत नव्हती. बोलणं सरळ होतं. "तुम्ही रविवारी एक ग्लास घेता आणि मग रस्त्याने अशा चालता की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. मला वाटलं ते बाटलीत आहे. एक वर्ष झालं, यांनी माझ्याकडे मोठ्या डोळ्याने बघितलेलं नाही, तरी यांचा हात हलला की माझा जीव जातो. म्हटलं, घोटभर घेऊन बघावं. जेवायच्या आधी. यांना मीठ घेता यावं म्हणून."

ताईने खाली बघितलं. फ्रीझरशेजारच्या कोपऱ्यात ते पांढरं पडलं होतं. दाढ होती. काळी, किडलेली, मुळापासून आलेली, आणि तिच्या खड्ड्यात लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. अख्खी रात्र तळमळला होता तो. दातांच्या डॉक्टरला घाबरतो. एवढा मोठा बारक्या, आणि डॉक्टरच्या खुर्चीला घाबरतो.

बारक्या जमिनीवर बसला होता, मोडका हात छातीशी धरून. नाकातून, तोंडातून रक्त. ताईकडे बघत तो म्हणाला, अगदी हळू, "बाबा निदान प्यायलेले तरी असायचे."

ताईने त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. बाटलीतून पडलाच नव्हता ना.

दवाखान्यात तीच घेऊन गेली त्याला. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? बारक्या म्हणाला, फ्रीझरचं झाकण पडलं. डॉक्टरने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "तोंडावर पण?" "मोठं झाकण आहे," बारक्या म्हणाला. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

परत आल्यावर ती जिना चढली, स्वतःची गादी गुंडाळली, दोन साड्या, एक उशी. भावजय दारात उभी होती.

"कुठे चाललात?"

"मी तुझ्या माहेरी काय बोलले होते?"

भावजयीने गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं.

"कोणी का असेना, म्हणाले होते. तू जायचं नाहीस. घर तुझं. मी खाली."

थांबा म्हणाली असती तर ताई कदाचित थांबली असती. पण ती म्हणाली नाही. दारातून बाजूला सरकली आणि ताईला जायला वाट दिली. ताईला ते लागलं, आणि आवडलंही. पोरीने पहिल्यांदाच या घरात कोणालातरी बाहेर जाऊ दिलं होतं.

ताई मागच्या खोलीत झोपायला लागली, फ्रीझरच्या घरघरीशेजारी, मांजर पायाशी चावत. दुकान चालवायला हात तीन आणि माणसं दोन, म्हणून सगळं तोडकाम ताईचं, वजन आणि बोलणं बारक्याचं, प्लास्टरसकट. गिऱ्हाईकं विचारायची, "काय रे बारक्या, तोंड सुजलंय?"

"दाढ काढली."

"आणि हात?"

"त्याच डॉक्टरने."

लोक हसायचे. ताई सत्तूर चालवत राहायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिचा नेम चुकला. तुकडा वेडावाकडा गेला. सूटवाला समोर होता. तो काही बोलला नाही, बोटं मात्र खिशात घातली.

पुढच्या रविवारी ताईने मार्टिनी केली नाही. त्याच्या पुढच्याही. बर्फाची ती बाटली तशीच तळाला पडून होती. बारक्याने एकदा विचारलं, "फेकून देऊ का?" ताई म्हणाली, "हात लावशील तर," आणि पुढचं वाक्य गिळलं. असं वाक्य तिने आयुष्यात प्रथमच गिळलं असेल.

मग एका रविवारी दुपारी शटर अर्धं खाली, आणि त्याखालून भावजय वाकून आत आली. हातात नवी जिनची बाटली, लिंबू. ओट्यावर ठेवलं. उलट्या क्रेटवर बसली.

"बनवा."

"काय?"

"तुमची ती. मी चोरून प्यायले ती उभ्याने प्यायले, नळाच्या पाण्यातली. तुम्ही गल्लीभर सांगत फिरता की नीट प्यायची रीत असते. दाखवा."

"नको गं पोरी."

"मी विचारत नाहीये."

ताईने तिच्याकडे बघितलं. मग उठली. नवी जिन गार नव्हती. ती तासभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि तो तास दोघी समोरासमोर बसल्या. वरून बारक्याच्या चालण्याचा आवाज येत होता. खाली यायची त्याची हिंमत नव्हती.

ताईने जगात बर्फ घातला, जिन, व्हर्मूथ. ढवळायला लागली. चमचा जगाच्या कडेला वाजला. पुन्हा वाजला. ढवळताना चमचा वाजता कामा नये, काका म्हणायचे, वाजला म्हणजे हात आपला नाही. ताई थांबली. लवकर थांबली, जग अजून पांढरा पडला नव्हता. मार्टिनी ग्लासात ओतली आणि लिंबासाठी भावजयीच्या खांद्यावरून हात पुढे केला.

भावजयीचे खांदे कानापर्यंत गेले.

एक क्षणच. पण ताईने बघितलं. ज्या हालचालीसाठी ती वर्षभर भावाचा तिरस्कार करत होती, ती हालचाल आता तिच्या हातासाठी होती.

तिने हात मागे घेतला. पातळ सुरी उचलली, फिरवली, मूठ भावजयीकडे करून ओट्यावर सरकवली आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकली. हात पाठीमागे.

"साल तू काप."

"मला येत नाही."

"नाही आली तर नाही आली. काप."

भावजयीने कापली. जाड, पांढऱ्या भागासकट, बघवणार नाही अशी. ताईच्या तोंडाशी शब्द आले, ते तिने दातांत धरले. साल पिळली, ग्लासात पडली, बुडाली. भावजयीने ग्लास उचलला, बसूनच, उजेडाकडे धरला. त्यातून तिला भिंतीशी टेकलेली ताई दिसत असणार, वाकड्या नाकाची. मग एक घोट घेतला. तोंड असं केलं की मांजर उठून बसली.

"ताई, यापेक्षा माझी पाणी घातलेली बरी होती."

अशा बोलण्यावर पूर्वी सत्तूर आला असता. ताईने हात पुढे केला, पण अर्ध्यावर थांबून वाट बघितली. भावजयीने स्वतः ग्लास तिच्या हातात दिला. ताईने चाखली. जाळत गेली घशातून, उग्र, कच्ची.

"पाणी कमी पडलं," ताई म्हणाली. "ढवळलीच नाही मी नीट."

"मग ढवळा."

"तू ढवळ. माझा हात आज धड नाही."

भावजयीने ग्लास परत जगात रिकामा केला, चमचा घेतला आणि ढवळायला लागली, घाईघाईने, भांडं घासल्यासारखी. चमचा घंटेसारखा वाजत होता.

"हळू," ताई भिंतीपाशी उभ्याउभ्या म्हणाली. "कोणी मागे लागलंय का?"

भावजयीचा हात हळू झाला. वाजणं कमी झालं, मग थांबलं. जग बाहेरून पांढरा पडायला लागला तसं वर चालणंही थांबलं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय आला. भावजयीने मान वर केली, जिन्याकडे बघितलं, आणि ढवळत राहिली.

"या खाली," ती ओरडली. "येताना मीठ घेऊन या. मांजरीची कलेजी उकडायची आहे, आणि तुमच्या ताईला आजपासून वर जेवायला बोलवायचं की नाही, ते मी हे ढवळून झाल्यावर सांगते."